नरसिंगकाकांच्या खोलीतलं भांडं

स्वयंपाक ही मुळात अवघड गोष्ट नाहीच, बायकांनी ती उगाच अवघड करून ठेवली आहे, असं माझं ठाम मत होतं. ‘होतं’ म्हणालो, लक्षात घ्या! बावीस वर्षं मी निमलष्करी दलात काढली, त्यातली नऊ ईशान्येच्या डोंगरात. तिथे दोन गोष्टी शिकलो. एक, कशालाही भ्यायचं नाही. दोन, डुकराचं मांस मंद आचेवर दिवसभर शिजलं की इतकं मऊ होतं, की दात घरी विसरून आलात तरी चालतं!

दोन हजार चार साली पेन्शन घेऊन डोंगरकडा गावाजवळच्या आमच्या तांड्यावर परतलो, तेव्हा माझ्यासोबत विजेचं एक भांडं होतं. एका जवानाच्या भावाने ते दुबईहून आणलं होतं. आत जाड चिनी मातीचं पातेलं, वर काचेचं झाकण, खाली तापणारं बूड आणि समोर एक लाल दिवा. सकाळी मांस, कांदा, लसूण, मिरची टाकायची, बटण दाबायचं आणि कामाला जायचं. संध्याकाळी या, जेवण तयार! ना फोडणी, ना फुंकणी, ना कुणाची बोलणी. डॉक्टरांनी मला चरबी बंद सांगितली होती, म्हणून मांससुद्धा बिनचरबीचं, नुसतं लाल. बघा, किती शहाण्यासारखं चाललं होतं माझं!

अडचण एकच होती. तिचं नाव शिला, आणि ती माझी बायको आहे. (आम्ही बंजारे घरात गोरमाटी बोलतो. तुमच्यासाठी मराठीत सांगतोय.)

“माझ्या चुलीवर डुक्कर न्हाई चढणार!”

“अगं, चुलीवर कुठं? ईजेवर हाय हे.”

“मग माझ्या ईजेवर बी न्हाई!”

एवढं झाल्यावर भांडं माळ्यावर गेलं, आणि ‘मी नाद सोडला’ असं मी जाहीर केलं.

आमच्या घराला लागूनच नरसिंगकाकांची खोली. काका पौषात गेले. जाण्याआधी त्यांनी काकीकडे खायला काहीतरी मागितलं होतं, आणि डॉक्टरांचं पथ्य म्हणून काकीने दिलं नव्हतं. काय मागितलं, हे ती कुणालाच सांगत नव्हती. खोलीला कुलूप लावून मोतीबाईकाकी आमच्याकडे राहायला आली आणि तिने जेवण जवळजवळ सोडलंच. अर्धी भाकर पाण्यात बुडवून खायची, तीही शिला समोर ठाण मांडून बसली तर! हातातलं चांदीचं कडं कोपरापर्यंत सरकायला लागलं. “असंच चाललं तर पावसाळा काढणार नाहीत,” असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मला लहानाचं मोठं काकीने केलं.

होळीला आमच्यात धबुकार देतात. निखाऱ्यावर तूप-गूळ सोडायचा आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. धूर सरळ वर गेला, की त्याने खाल्लं. काकांचा हा पहिलाच धबुकार. काकीने तूप सोडलं आणि निखारा फुस्स करून विझला! दुसरा घेतला, तोही विझला. लाकूड ओलं होतं, दुसरं काय? पण काकी काळीठिक्कर पडली. “रागावले ते,” एवढंच बोलली. दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या भाकरीची पाव झाली.

आणि त्याच आठवड्यात मला एक अफाट कल्पना सुचली! काकांची खोली रिकामी, तिथे वीज आहे, चावी माझ्या खिशात. भांडं तिकडे नेलं, तर शिलाची चूलही शाबूत आणि तिची वीजही! डोंगरकड्याला कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या गेटवर मी पहाऱ्याला होतो. हिंगोलीच्या एका ओळखीच्या माणसाकडून मांस आणायचं, सकाळी बटण दाबायचं आणि ड्युटीला जायचं. दिवस मावळता परत आलो, की आधी काकांच्या खोलीत.

पहिल्या दिवशी मजा आली. दुसऱ्या दिवशी मात्र जरा वेगळं वाटलं. त्या खोलीला एकच खिडकी, तीही बंद. खुंटीवर काकांचा कोट, त्याची एक बाही जरा पुढे आलेली. बाजेवर ते वर्षभर निजून होते, तिथे अजून खोलगट खड्डा. आणि कोपऱ्यात भांडं बोलत असायचं. गुडूप... गुडूप... लोडशेडिंग सुरू झालं की गप्प. मग इतकी शांतता, की स्वतःचं चावणं ऐकू यायचं. वीज आली, की लाल दिवा आपोआप लागायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा कुणीतरी घशातल्या घशात बोलायला लागायचं. मी भिंतीला पाठ टेकून जेवायला लागलो. फौजी सवय हो, बाकी काही नाही! पहिला तुकडा बाजेच्या पायाशी ठेवायला लागलो, तेही असंच, सवयीने. मांजर नेत असेल, पण तुकडा रोज जायचा. दाराला कुलूप असायचं, हे मला तेव्हा आठवलं नाही ते बरं झालं.

इकडे घरात मला भूक लागेना. शिलाने ताट वाढलं, की “पोट भरल्यासारखं वाटतंय” म्हणायचो. तिने हे सगळं मनात जमा केलं आणि चौथ्या दिवशी तांड्याच्या प्रमुखाकडे, म्हणजे देवला नाईकाकडे गेली.

“नाईक, हे दिवस मावळता काकाच्या खोलीत जातेत. येतेत तवा व्हटाला रस्सा! जेवण न्हाई, अन् हसून राहतेत! झोपेत काय म्हणतेत ठावं हाय? ‘काका, आज बराबर शिजलं!’”

नाईकाने लगेच पंचवीस माणसांना सांगितलं, कुणाला सांगू नका म्हणून.

पाचव्या दिवशी दुपारी गेटवरचा फोन वाजला. नाईकच होता.

“धर्मसिंग, तुज्या काकाच्या खोलीत कोणी तरी हाय! कुलूप बाहेरून हाय, अन् आतून बोलायचा आवाज येऊन राहिला!”

“मांजर असंल, नाईक.”

“मांजर मटण शिजवते का रे? वास येऊन राहिला!”

मी सायकल अशी हाणली, की चेन दोनदा पडली! तांड्यावर पोहोचलो तर भर दुपारी अख्खा तांडा खोलीसमोर उभा, दारापासून चांगला वीस पावलं लांब. कुत्रीसुद्धा लांबच बसलेली. कुणी बोलत नव्हतं, आणि आमचा तांडा गप्प राहिलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. त्या शांततेत आतून स्पष्ट ऐकू येत होतं, गुडूप... गुडूप...

मी मनात बेत केला. एकट्याने आत जायचं, भांडं पोत्यात घालायचं, ‘मांजर होतं’ म्हणून बाहेर यायचं. पण गर्दी फाटली आणि काकी पुढे आली! अडीच महिने त्या दाराकडे पाठ करून बसलेली काकी. हातात तूप-गुळाची वाटी.

“उघड.”

“काकी, आत काय बी न्हाई गं.”

“उघड म्हणते ना!”

उघडलं. बाहेरच्या उन्हातून आत काही दिसेना, फक्त कोपऱ्यात एक लाल ठिपका. काकीने श्वास आत घेतला.

“निखारा!” ती म्हणाली. “अजून जिता हाय!”

मी “काकी, थांब!” म्हणेपर्यंत ती खाली बसली आणि तिने तूप-गूळ त्या लाल दिव्यावर सोडला. नरसिंगकाकांचं नाव घेतलं. तूप फटीतून आत उतरलं असावं. चर्र आवाज झाला आणि एक पांढरी धुराची रेघ सरळ पत्र्यापर्यंत गेली. दाराशी आलेल्या नाईकाने पागोटं काढलं. मागे सगळ्या तांड्याने हात जोडले.

“तुमी डुकराचं मागितलं व्हतं,” काकी भांड्याला म्हणाली. “तरणेपणी रानात खायचे तसं. म्या न्हाई म्हणले. डागदरचं ऐकलं, तुमचं न्हाई ऐकलं. तोंड फिरवून गेलात. आता तरी बोला.”

माझ्या अंगावर सरसरून काटा आला! भांड्यात काय आहे, हे अख्ख्या तांड्यात एकट्या मला ठाऊक होतं. आणि काकांनी काय मागितलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं!

तेवढ्यात आत ठप्प झालं. दिवा गेला. फ्यूज उडाला. आवाज थांबला.

“बोला की,” काकी म्हणाली.

मिनिटभर काहीच नाही. मग त्या मेलेल्या भांड्यातून अगदी हळू एकदाच आलं, गुडूप.

पातेलं जाड असतं, ऊब धरून ठेवतं. हे मी तुम्हाला आता सांगतोय. तेव्हा मी नाईकाचा दंड धरून उभा होतो, आणि त्याने माझा!

काकीने झाकण उचललं. “त्यायचा प्रसाद हाय. समद्यांना वाटा.”

आता आली का पंचाईत! बोललो, तर काकीचा नवरा दुसऱ्यांदा जाणार आणि ती पाव भाकरीवर मरणार. गप्प बसलो, तर न खाणाऱ्यांना न सांगता डुक्कर खाऊ घातलेलं पाप माझ्या माथी. आणि शिला तर दारातच! मी डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं. भांडं, दुबई, हिंगोली, कुलूप, सगळं.

“म्हंजे भूत तूच व्हय?” नाईक म्हणाला. शिलाकडे मी बघितलंच नाही.

काकी मात्र माझ्याकडे शांतपणे बघत होती. “तुला हे आणायला कोणी सांगितलं?”

“कोणी न्हाई, काकी.”

“अन् ह्याच खोलीत काहून ठेवलंस?”

“दुसरी जागाच नव्हती ना...”

“जलमात कधी आणलं न्हाईस. ते गेले, अन् तेच आणलंस, त्यायच्याच खोलीत.” तिने मान हलवली. “तुला काय समजून राहिलं, लेकरा? तू नुसता हमाल हायेस.”

“बराबर!” नाईक म्हणाला. “बराबर!” सगळा तांडा म्हणाला.

“ताट आण,” काकी म्हणाली. ताट आणायला पळाली कोण? शिला! तीच ती, चूलवाली! सोबत दोन भाकरीही घेऊन आली. काकी बाजेवर टेकली, बरोबर त्या खड्ड्यात, आणि खायला लागली. एक घास. दुसरा. एक भाकर संपली. दुसरी मोडली. पन्नास माणसं श्वास धरून एका म्हातारीचं जेवण बघत होती. मध्येच ती थांबली.

तिने माझ्याकडे वर बघितलं.

“मीठ कमी हाय,” म्हणाली. “अन् इतकं पाणी कोणी घालते का रे, येड्या?”

शिला तोंड फिरवून रडायला लागली. माझेही डोळे भरून आले. आता खोटं कशाला बोलू, त्यातले निम्मे अश्रू वेगळ्या कारणाचे होते. मी सकाळपासून उपाशी होतो, काकीने पातेलं बोटाने पुसून घेतलं होतं, आणि ‘हमालाला एक तुकडा द्या’ असं एकाही माणसाच्या तोंडून निघालं नाही!