बांधून ठेवलेली साखर

अहिरे सर आमच्याकडे जेवायला आले की पानावर बसण्याआधी खिडकीत जायचे. खिशातून दुर्बिणीसारखी एक छोटी नळी काढायचे, तिच्या काचेवर कांद्याच्या फोडीचा थेंब पिळायचे, एक डोळा मिटून उजेडाकडे बघायचे आणि माझ्या बायकोला निकाल सांगायचे, "वहिनी, हा कांदा दिवाळी बघत नाही."

रसात साखर किती आहे याचा अंदाज त्या नळीतून येतो. आमच्या नाशिकला द्राक्षवाल्यांच्या खिशात ती असतेच. सर मात्र वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आणि द्राक्षाकडे ढुंकूनही बघायचे नाहीत.

नव्वदच्या दशकात मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायचो. स्टाफरूममध्ये चहा आला की सर सुरू व्हायचे, "साखर सगळ्याच कांद्यांत असते हो. हुकूम कोणाचा, ते विचारा! एका जातीत जनुकाचा हुकूम असतो, साखर सुटी राहू द्या. तो कांदा लवकर सडतो. दुसरीत हुकूम असतो, साखळ्या करा, बांधून ठेवा. तो टिकतो." हे इतक्यांदा ऐकलं होतं की प्राचार्यांची नोटीस आली तरी कोणीतरी हळूच विचारायचं, "हुकूम कोणाचा?"

कांदा फुलला की कॉलेजमागच्या वाफ्यावर सर मच्छरदाणी लावायचे, नको ती माशी नको त्या फुलावर बसू नये म्हणून. नव्या शिपायाला वाटलं, सर तिथेच झोपतात. त्याने उशी आणून दिली. सरांनी ती गुडघ्याखाली घेतली.

मग एका पावसाळ्यात त्यांच्या पत्नी मंगलाताई गेल्या. दिवस उरकताच सर कॉलेजात आले ते थेट बियांच्या पुड्या घेऊन बसले. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. "माणूस आहे की कांदा?" असं स्टाफरूममध्ये कोणीतरी बोललंच.

त्या बियांचे कांदे पुढच्या उन्हाळ्यात निघाले. पावसाळाभर सर रोज सडके काढून टाकत राहिले. उरलेला टणक माल एका क्रेटात घालून त्यांनी प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात ठेवला. दिवाळीनंतर तो बियांसाठी लावायचा होता.

त्याआधी कॉलेजचा वर्धापनदिन आला. कँटीनच्या पांडूभाऊंनी आणलेला कांदा आतून सडका निघाला. व्हरांड्यात चांगला कांदा दिसला, तो त्यांनी उचलला आणि सगळ्या कॉलेजला भजी घातली.

सर आले तेव्हा क्रेटात नुसती टरफलं होती. पांडूभाऊ हात जोडून उभे. सर मूळचे सटाण्याकडचे, एरवी पुस्तकी बोलायचे, त्या दिवशी तोंडून अहिराणीच आली, "आते काय करानं, भाऊ?" आता काय करायचं? पांडूभाऊंना ते रागावले नाहीत. टरफलं गोळा करून घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पंचवटीतल्या घरी गेलो. दार उघडंच होतं. सर पलंगावर बसले होते.

"थोडं बी शिल्लक असेल ना?" मी विचारलं.

"सगळं पेरलं होतं. कांद्याचं बी वर्षापलीकडे धड उगवत नाही." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती. "हे असं कित्येक वर्षांपासून आहे. फुलाफुलावर परागाचा कुंचला फिरवायची ती मंगला. सुट्टीच्या दिवशी मच्छरदाणीत दुपारभर बसायची. हा तिचा शेवटचा संकर. मी नुसता मोजायला."

रस्त्यावरून रिक्षा गेल्या, भाजीवाली ओरडत गेली.

"भजी खाल्ली तुम्ही?"

"खाल्ली, सर."

"करपली होती?"

"नाही. कुरकुरीत होती. रंगही छान होता."

सर एकदम सावरून बसले. "सुटी साखर असती तर तेलात काळी पडली असती." मग म्हणाले, "म्हणजे जमलं होतं तिला."