ओरेगॉनचा मावसभाऊ

रस्त्याकडेच्या बाणाला फुगा बांधलेला आहे हे मार्डेलने नवऱ्याच्या लक्षात आणून दिलं, तोपर्यंत ट्रक वळला होता.

"वळसा घ्या म्हणून लावलाय तो," आर्लो म्हणाला. "हायवेचं काम चाललंय. सकाळपासून असलेच बाण दिसतायत."

"सरकार बाणाला फुगे बांधत नाही, आर्लो."

आता बोलून उपयोग नव्हता. सहा चाकांचा डिझेल ट्रक आणि त्याच्या हौद्यात अडकवलेली लांबलचक घरगाडी, अशी वरात खडीच्या अरुंद रस्त्याला एकदा लागली की पुढेच जावं लागतं. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचा मका होता. हा रस्ता कुठेतरी निघेल अशी आशा धरून तो चालवत राहिला. रस्ता टेकाडावरून खाली उतरला आणि एका शेतघराच्या अंगणात शिरून संपला. अंगणात झाडांखाली घडीच्या खुर्च्या टाकून पन्नासेक माणसं बसली होती. ती सगळी माना वळवून ट्रककडे पाहू लागली.

डावीकडे घर, उजवीकडे एक जुनं, लाल रंगाचं, किंचित कललेलं कोठार, समोर धान्याच्या पत्र्याच्या टाक्या. वळायला जागा नव्हती. आल्या वाटेने मागे जायचं, एवढा एकच मार्ग होता. दुसरा कोणी असता तर काच खाली करून हसला असता, रस्ता चुकलो म्हणाला असता आणि गाडी मागे घेऊन निघून गेला असता. आर्लो थॉरसनला ते शक्य नव्हतं, कारण मागे घरगाडी जोडलेली असताना त्याला ट्रक मागे घेता येत नसे. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ते धूड डावीकडे निघायचं, डावीकडे फिरवलं की उजवीकडे, आणि मग काटकोनात अडकून हटून बसायचं. अशा गाड्या पुष्कळांना मागे घेता येत नाहीत आणि त्यात लाजण्यासारखं काही नसतं. पण आर्लोने आयोवात उभी हयात वाहनपरवान्याचा परीक्षक म्हणून काढली होती. गाडी नीट मागे घेता आली नाही म्हणून त्याने अर्धा जिल्हा नापास केला होता. त्यात गावचे पाद्री होते, दंतवैद्य होते आणि मार्डेलची सख्खी बहीणही होती.

निवृत्त झाल्यावर त्याने हौसेने हा ट्रक आणि ही घरगाडी घेतली. तेव्हापासून मुक्कामाला तो जिथून सरळ पुढे निघता येईल अशाच जागा निवडायचा. तिथे सावली जास्त असते, असं तो मार्डेलला सांगायचा.

तो आरशात पाहत होता तोवर मागून दोन गाड्या आल्या आणि त्याच्या पाठीला तोंड लावून उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे तिसरी आली. आणि एक म्हातारी काठी टेकत खिडकीशी येऊन पोचली. तिच्या डोक्याला फुलांचा रुमाल होता आणि हाताला पीठ लागलं होतं.

"एमिलीचा क्लेटन ना रे तू? ओरेगॉनचा?" तिने विचारलं. "मी अल्बिना मावशी."

रस्ता चुकलो, हे शब्द आर्लोच्या ओठांवर आले होते. पण त्यानंतर ती काय म्हणेल हे त्याला स्वच्छ दिसलं. ती म्हणेल, बरं मग, घ्या गाडी मागे. मग मागच्या गाड्या हलतील, पन्नास माणसं खुर्च्या वळवून बसतील.

"हो, मावशी," आर्लो म्हणाला.

शेजारी मार्डेलने हळूच मान फिरवून त्याच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे अशा नजरेने दोनदाच पाहिलं असेल. मग ती खाली उतरली. घरगाडीतल्या फ्रिजमधून बटाट्याच्या सॅलडचं भांडं काढलं आणि रिकाम्या हाताने कशी येऊ, असं म्हणत म्हातारीबरोबर स्वयंपाकघरात गेली.

आर्लोचा बेत साधा होता. दिवसभर क्लेटन होऊन राहायचं. लोक पांगले, अंगण मोकळं झालं, बघायला कोणी उरलं नाही की मग इंच इंच करत गाडी मागे घ्यायची. फक्त कमी बोलायचं.

पण पन्नास नातेवाइकांत कमी बोलणं सोपं नसतं. पहिल्याने आला तो अल्बिनाचा मुलगा लुमीर, ज्याच्याकडे हे शेत होतं. आडव्या अंगाचा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. त्याने आर्लोला कडकडून मिठी मारली आणि ट्रकची पाटी आयोवाची कशी, असं विचारलं. आर्लोने तिकडे स्वस्त मिळाला म्हणून सांगितलं. लुमीरला ते पटलेलं दिसलं. मग त्याने आवाज उतरवून गुडघ्याची चौकशी केली. ऑपरेशन नीट झालं ना?

क्लेटनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं तर. आर्लोने झालं म्हणून सांगितलं आणि तिथून पुढे तो लंगडू लागला. घोड्याचे नाल खुंटीवर फेकायच्या खेळापर्यंत तो डाव्या पायाने लंगडला. तिथे एका बाईने विचारलं की ऑपरेशन उजव्याचं होतं ना, तेव्हा त्याला दोन्ही पायांनी लंगडावं लागलं. त्यामुळे तो बदकासारखा चालू लागला. लोकांनी त्याच्यासाठी उशीची खुर्ची आणली आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी येऊन त्याला उठवून फिरवून आणलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना म्हणून.

जेवायला बसल्यावर उकडलेल्या पिठाच्या गोळ्यांचा विषय निघाला. एमिली ते कशी करायची, असं अल्बिनाने विचारलं. एमिलीला जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तिची कृती कोणालाच ठाऊक नव्हती. ही माणसं चेक वंशाची, तर आर्लोच्या सात पिढ्या नॉर्वेच्या. त्याने आयुष्यात ते गोळे पाहिले ते समोरच्या ताटात, तेही आत्ताच. त्याने बराच विचार करून दालचिनी, असं उत्तर दिलं. एका म्हाताऱ्याने ग्लास तोंडाला लावला आणि त्याला जोराचा ठसका लागला.

"दालचिनी," अल्बिना म्हणाली. "तरीच."

मार्डेल पलीकडच्या टेबलावर बायकांत बसली होती. तिचं छान जमलं होतं. आर्लोने तिच्याकडे आशेने पाहिलं, तेव्हा तिने त्याला जर्दाळू भरलेला एक कोलाचा, म्हणजे गोड पाव, पाठवून दिला.

जेवणं झाल्यावर कोणाच्या तरी डोक्यात आलं की एमिलीबद्दल क्लेटनने दोन शब्द बोलावेत. आर्लोने गुडघ्याकडे बोट दाखवलं, पण लोकांनी बसूनच बोल म्हणून आग्रह केला. मग त्याचा निरुपाय झाला. एमिलीबद्दल त्याला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून तो आपल्या आईबद्दल बोलला. ती हिवाळ्यात त्याचे मोजे भट्टीवर गरम करून ठेवायची. ती गाडी चालवायला शिकली नाही, कारण कोणी शिकवायलाच तयार नव्हतं, आणि तो परवाना द्यायच्या जागेवर बसला तोवर तिची दृष्टी गेली होती. हे त्याने कधी मार्डेललाही सांगितलं नव्हतं. लुमीर खाली मान घालून गवताकडे पाहत होता.

इतकं झाल्यावर तरी सुटका व्हायला हवी होती. पण अल्बिनाने काठी आपटून सगळ्यांना गप्प केलं आणि कोठाराचा विषय काढला. तिच्या बापाने बांधलेलं ते कोठार आता कललं होतं. पाडायचं की सावरायचं, यावर दर वर्षी या दिवशी मतं घेतली जायची. पाच भावंडांच्या पाच घरांना पाच मतं. सावरायचं म्हणणारं पहिलं मत अल्बिनाचं. लुमीरला ते पाडायचं होतं, कारण वादळात ते कोणाच्या तरी डोक्यावर येईल अशी त्याला धास्ती होती, पण आई असेपर्यंत घराचं मत आईचं. मोजणी झाली. दोन पाडा, दोन ठेवा. पाचवं मत एमिलीच्या घरचं होतं. ते मत द्यायला आजवर कोणी आलंच नव्हतं.

पन्नास माणसं आर्लोकडे वळली. अल्बिनाही वळली.

खोटं बोलताना आर्लोला गुडघा चालला होता, दालचिनी चालली होती. पण परक्या माणसाच्या बापाचं कोठार आपल्या शब्दावर राहावं किंवा पडावं, हे त्याच्याने होईना. तो उठून उभा राहिला, अजिबात न लंगडता.

"मी क्लेटन नाही," तो म्हणाला. "माझं नाव आर्लो थॉरसन. मी आयोवाचा. रस्ता चुकून आलो. मला ती गाडी मागे घेता येत नाही, आणि तुमच्यासमोर ते दिसायला नको, म्हणून मी तुमचा भाचा झालो."

कोणीच दचकलं नाही. अल्बिनाने शांतपणे चष्मा पुसला.

"माहीत आहे रे," ती म्हणाली. "तुझ्या बायकोने सॅलड ठेवता ठेवता सांगितलं. तेव्हा तू सीटचा पट्टा सोडून गाडीतून उतरलासुद्धा नव्हतास."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"नाल फेकायला सुरुवात होईपर्यंत सगळ्यांना," लुमीर म्हणाला.

"मग तो गुडघा?"

"गुडघ्याचं मी रचलं. क्लेटनचे गुडघे ठणठणीत आहेत. तो रोज सायकल मारतो म्हणे." लुमीर जरा ओशाळला. "तू लंगडशील असं वाटलं नव्हतं. पण मग थांबवेना."

आता मात्र अंगणभर हशा फुटला. दोन पायांनी लंगडणारा माणूस कसा चालत होता हे दोघातिघांनी करून दाखवलं. ठसका लागलेला म्हातारा डोळे पुसत दालचिनी, दालचिनी म्हणत राहिला. आर्लोने मार्डेलला शोधलं. तीही हसत होती, पण तिचे डोळे ओले होते.

"मोज्यांचं मला कधी सांगितलं नाहीस," ती जवळ येऊन म्हणाली.

"विषय निघाला नाही," आर्लो म्हणाला.

मतदान पुढच्या वर्षावर गेलं. आता गाडीचं काय ते बघू, म्हणून लुमीरने बाह्या सावरल्या. लहानपणापासून तो धान्याच्या ट्रॉल्या मागे घेत आला होता आणि यात काय आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. मागच्या गाड्या हलवल्या गेल्या. आर्लोने आनंदाने किल्ली दिली आणि पहिल्यांदाच परीक्षा न घेता शेजारच्या सीटवर बसला.

खुर्च्या वळल्या. पन्नास माणसं हात हलवून दिशा दाखवू लागली. निम्मी डावीकडे दाखवत होती, पण ती समोर तोंड करून उभी असल्यामुळे ते डावं त्यांचं होतं की लुमीरचं हे कळत नव्हतं. पहिले दोन हात गाडी सुरेख गेली. तिसऱ्या हाताला घरगाडीचं बूड मनासारखं वळेना, म्हणून लुमीरने स्टिअरिंग थोडं जास्त फिरवलं. मग कमी फिरवलं. मग आर्लोला मागून एक आवाज ऐकू आला, जुन्या खुर्चीत जाड माणूस बसल्यावर येतो तसा.

घरगाडीचा कोपरा कोठाराच्या कोपऱ्यातल्या खांबाला टेकला होता. कोठार क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं. मग आतून तीन मांजरी बाहेर आल्या आणि सावकाश, कोणालाही इजा न करता, ते अख्खं कोठार पलीकडच्या बाजूला बसलं. धुळीचा लाल ढग घरावरून मक्यात गेला.

लुमीर खाली उतरला. त्याच्या आईने काठी त्याच्या छातीवर रोखली.

"लुमीर, मुद्दाम केलंस?"

"आई," लुमीर काकुळतीला येऊन म्हणाला, "मला इतकं नेमकं मागे घेता आलं असतं, तर मी आधी मागचा दिवा वाचवला नसता का?"

घरगाडीचा मागचा दिवा फुटला होता आणि शिडी वाकली होती. आर्लोला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट बऱ्याच वर्षांनी त्याला हलकं वाटत होतं. त्याने कोट काढला आणि पहिली फळी उचलली. मग सगळेच उठले. पुरुषांनी आणि बायकांनी मिळून फळ्या कुंपणाशी रचल्या. पोरांनी खिळे वेचून डब्यांत भरले. एरवी जेवण झाल्यावर निघणारी माणसं उन्हं कलेपर्यंत राबत होती. कोलाचे दुसऱ्यांदा फिरले. कोठाराच्या जागी आता फक्त सपाट, कोरडी, दाबून घट्ट झालेली जमीन उरली होती.

अल्बिना ती जमीन बघत उभी होती. आर्लो तिच्याजवळ गेला आणि माफी मागू लागला. तिने त्याला थांबवलं.

"माझ्या बापालाही गाडी मागे घेता यायची नाही," ती म्हणाली. "दोन घोड्यांची गवताची गाडी. एकदा मागे घेता घेता त्याने आईचा गुलाबांचा वाफा तुडवला. नंतर कोठार बांधलं, तेव्हा त्याने दोन्ही बाजूंना दारं ठेवली. लोकांना सांगायचा, वारा खेळतो म्हणून."

आर्लो ट्रकमध्ये बसला. मार्डेल शेजारी बसली. त्याने ट्रक सुरू केला आणि जिथे कोठार होतं तिथे, एका बाजूने आत घातला आणि दुसऱ्या बाजूने रस्त्याकडे बाहेर काढला.