सुलूकाकीच्या तोंडाचं भाडं

एकदा एका रिक्षावाल्याने रिक्षा मागे घेताना सुलूकाकीची अबोलीची कुंडी फोडली. आळीतले आम्ही सगळे कामं टाकून खिडक्यांत आलो. आता त्या बिचाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होणार, हे ठरलेलंच होतं. काकी बाहेर आली, फुटक्या कुंडीकडे बघितलं आणि म्हणाली, "असू दे हो भाऊ. तुमाला काय लागलं न्हाय ना?"

रिक्षावाला इतका घाबरला, की उतारूकडून भाडं न घेताच पळाला. मी धावत जाऊन विचारलं, "काकी, बरं नाही काय तुला?"

"मला काय धाड भरलीय रं दिल्या?" काकी आवाज खाली आणून म्हणाली. "पण फुकट कशाला घालवू? माज्या तोंडाला आता भाडं हाय."

भाडं खरंच आहे. आमची सुलूकाकी फोनवरून शिव्या विकते. अचकटविचकट नव्हेत हो! आई लेकराला घालते तशा, घरगुती.

पूर्वी काकीची इथंच रत्नागिरीत खानावळ होती. कॉलेजची पोरं जेवायची, मीही त्यांतलाच. भाकरी, माशाचं कालवण आणि शिव्या, तिन्ही पोटभर मिळायची. काका लवकर गेले, तेव्हा घर चाललं ते या खानावळीवर. पुढे काकीचे गुडघे गेले आणि चूल थंडावली. मग एक जुना जेवणकरी मुंबईहून भेटायला आला. त्याला दारातच बघून काकी कडाडली, "काय रं मेल्या, बायको उपाशी ठेवते, का तूच खायचा आळस करतोस?" त्या गड्याने ते फोनमध्ये टिपून जगाला दाखवलं. आठवडाभरात मुंबईपासून आखातापर्यंतचे चाकरमानी त्या व्हिडिओखाली लिहू लागले, 'काकी, आम्हालाही घाला.' पगार आहे, फ्लॅट आहे, पण हक्काने शिवी घालणारं माणूस उरलं नाही, हे सुखवस्तू लोकांचं दुःख. काकीला त्यात धंदा दिसला.

मी कॉलेजात क्लार्क आहे. संध्याकाळी काकीकडे जाऊन फोन धरायचा आणि आलेल्या ऑर्डरी वाचून दाखवायच्या, हे माझं काम. मजुरी म्हणून रोज एक शिवी मिळते. बाजारभाव बघता मी चांगला कमावता माणूस आहे.

मालाचे प्रकार तीन. वाढदिवसाला साधी, लग्न टाळणाऱ्यांना झणझणीत आणि आजोबापासून सुरुवात होते ती खानदानी. एका साहेबाने अख्ख्या ऑफिसला खानदानी घालून घेतली आणि वर 'आमची टीम भारावून गेली' असं कळवलं. दुसऱ्या एकाची तक्रार आली, की शिवी उत्तम होती, पण 'मुडदा बशिवला' आलं नाही. काकीने त्याला ते वेगळं पाठवलं. लोणच्याची एक कंपनी जाहिरातीसाठी आली, तेव्हा काकीने बोट चाटून बघितलं आणि कॅमेऱ्यासमोर कंपनीलाच झणझणीत घातली. करार गेला, व्हिडिओ मात्र तुफान चालला. गुहागरच्या समुद्राला जाणारे लोक वाट वाकडी करून गाड्या घेऊन येतात, "काकी, आमच्यासमोर घाला ना!" म्हणतात. काकी गोड हसून "बसा हो, पाणी घ्या" म्हणते. बिचारे हिरमुसून जातात.

सगळ्यात जास्त ऑर्डरी एकाच अपराधाच्या. घरी न येण्याच्या. "आई काय फोटोत बघायची वस्तू हाय रं?" हे म्हणताना काकीचा आवाज कापतो. लोकांना तो अभिनय वाटतो. मला माहीत आहे, तो नाही.

काकीची एकुलती एक मुलगी शुभांगी. चार वर्षांपूर्वी तिने आपल्या पसंतीने लग्न केलं आणि आईला सगळ्यांच्या शेवटी सांगितलं. काकी म्हणाली, "ह्या उंबऱ्यावर परत पाय ठेवू नको." जन्मभर शिव्या घातलेल्या बाईची एवढी एकच शिवी कुणाला खरी वाटली, आणि ती नेमकी पोटच्या पोरीला. त्यानंतर तिकडून फोन नाही, इकडूनही नाही. मी विषय काढला, की काकी त्या दिवसाची माझी मजुरी दुप्पट करायची.

एका संध्याकाळी मी ऑर्डरी वाचत होतो. 'नाव शुभांगी. अपराध, चार वर्षं आईकडे गेले नाही. प्रकार खानदानी. पैसे भरले आहेत.' शेजारी तिचाच फोटो होता. मी फोन काकीपुढे धरला.

काकीने पदराने फोनची काच पुसली. बराच वेळ बघितलं. मग केस सारखे केले, खुर्चीत ताठ बसली. "लाव."

मी व्हिडिओ चालू केला. काकीने तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

"काय गो..." म्हणाली, आणि थांबली. मग अगदी बारीक आवाजात, "जेवलीस काय?"

आणि फोनकडे बघत राहिली, उत्तर यायची वाट बघत असल्यासारखी. उत्तर कुठून येणार? तिने तोंडाला पदर लावला.

"पाठव," ती म्हणाली.

"काकी, ह्यात शिवी कुठंय?"

"मग पैसे परत कर. गिऱ्हाइकाला फसवायचं न्हाय."

मी पाठवलं. चहा उकळायच्या आत उत्तर आलं. 'पैसे नकोत. माल मिळाला नाही. शनिवारी घ्यायला येते.'

शनिवारी आळीत रिक्षा शिरली. तोच रिक्षावाला. शुभांगीला उतरवून त्याने रिक्षा मागे घेतली आणि काकीची नवी कुंडी फोडली. काकी दारातच उभी होती.

"आंदळ्या मेल्या, तुजा मुडदा बशिवला! आख्ख्या आळीत माजीच कुंडी दिसते काय तुला? आणि तू गो, दगडासारखी उभी काय ऱ्हायलीस? हाडं बघ कशी वर आलीत! चार वर्षं काय हवा खाऊन ऱ्हायलीस? चल, पाय धू आणि ये आत!"

रिक्षावाला सुटल्यासारखा हसला. शुभांगी रडत होती आणि हसत होती. साऱ्या खिडक्या भरल्या होत्या. मीही सवयीने फोन वर धरला.

"दिल्या!" काकी उंबऱ्यातून ओरडली. "ठेव तो फोन खिशात. ह्याला भाडं न्हाय."