‘म’च्या पुढची मंडळी

आपल्या ॲपला ‘मित्रांना बोलवा’ असं एक बटण असावं, हा विचार दयानंदच्या डोक्यात रविवारी दाढी करताना आला. (दाढी करताना सुचलेलं त्याचं आजवर काहीच धड निघालेलं नाही, पण म्हणून माणूस दाढी सोडतो थोडीच.) ॲपचं नाव ‘आज भाजी काय?’. घरात काय पडलंय ते सांगितलं की ते भाजी सुचवायचं. एकदाच लिहिलेलं, तरी अँड्रॉइडवरही चालायचं आणि आयफोनवरही. अडचण एवढीच, की दोन्हीकडं ते चालवणारा एकटा दयानंदच होता.

दुपारपर्यंत बटण तयार झालं. एका मित्राच्या नावावर खूण करून त्यानं ते दाबलं, आणि ॲपनं फोनमधल्या सगळ्यांनाच अनुक्रमानं मेसेज धाडायला सुरुवात केली : ‘दयानंद आपणांस ‘आज भाजी काय?’ या ॲपवर अगत्याने बोलावीत आहे.’ घाबरून तो फोन बंद करायला धडपडतोय, तोवर सिमकार्डाची दिवसाच्या मेसेजची मर्यादा संपली आणि गाडी आपोआप थांबली. शेवटचा मेसेज भंगारवाल्याला गेला. त्याच्या खालचं नाव होतं ‘मामा चाकूर’.

थोडक्यात वाचलो, असं दयानंदला वाटलं.

हे मामा म्हणजे त्याच्या बायकोचे, उज्वलाचे (फोनमध्ये तिचं नाव ‘सौ.’), सख्खे मामा महादेवप्पा. पुढच्या आठवड्यात उज्वलाच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं आणि नवरीला हाताला धरून मांडवात आणायचा मान मामांचा. संध्याकाळी त्यांचा फोन आला. उज्वलानं तो स्पीकरवर टाकला.

“आमच्या भावकीतल्या आप्पासाहेबाला तुझ्या नवऱ्याचं बोलावणं आलं म्हणं. हाटेलात बसून समद्यांना दाखवून राहिला. आमाला न्हाई आलं.”

“मामा, ते लग्नाचं न्हाई ओ, मोबाईलमधलं हाय.”

“कशाचं का असंना. बोलावणं ते बोलावणंच की.”

इथं दयानंद गप्प बसला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण समजावून सांगायची त्याला भारी हौस. तो फोनवर वाकून म्हणाला, “मामा, तसं काय न्हाई. भंगारवाल्यापर्यंत गेलं आन् संपलं बघा.”



“बरं,” मामा म्हणाले. “मंग नवरीला बी भंगारवालाच घिऊन यील.”

फोन कट. उज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. “एकच मामा हाय ओ आमाला,” एवढंच ती म्हणाली. दयानंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन तो चाकूरला पोचला. मामांच्या डोक्यावर टोपी ठेवली, पाया पडला आणि लग्नपत्रिका द्यावी तशा सुरात म्हणाला, “मामा, आमच्या ॲपला सहकुटुंब यायचं बरं का.”

मामांनी आरशात टोपी सारखी केली. “कवा हाय?”

“रोजच हाय.”

“मंग तर यावंच लागंल.”

नंतर त्यांनी दयानंदला हॉटेलात नेलं आणि आप्पासाहेबांसमोर तेच बोलावणं पुन्हा म्हणायला लावलं. “मेसेजवर न्हाई,” मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आमाला घरी यिऊन बोलावलं!” चहा सांगून झाल्यावर त्यांनी हळूच सुचवलं, “हदगावच्या मावशीला बी जाऊन या. लई लागंल तिच्या मनाला.”

मावशीही ‘म’तलीच. तिथून पुढं ‘ह’पर्यंतची मंडळी दयानंदनं आठवडाभर मोटारसायकलवर फिरून उरकली. कंबर धरली, पण जिथं गेला तिथं जेवल्याशिवाय कुणी सोडलं नाही.

लग्नात मामांनी भाचीला अशा थाटात मांडवात आणलं, की दयानंदलाच भरून आलं. अक्षता पडल्यावर त्यानं आशेनं ॲप उघडलं. नवीन एकही माणूस आलेला नव्हता.

“मामा, टाकलं न्हाई का अजून?”

“खुळं का काय! बोलावणं आलं, मान मिळाला, झालं की. आन् भाजी काय करायची ते आमच्या घरात आमाला कोण इचारतंय?”

दयानंद तोंड पाडून उज्वलाशेजारी येऊन बसला. “जाऊ दे. तू तरी टाकलंस ना?”

उज्वलानं गजरा सारखा केला.

“मला कुटं कुणी बोलावलं?”