सिद्रामअण्णांचं व्हॅम्पायर

माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. शेजारचे सिद्रामअण्णा नवऱ्या मुलाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत बसले होते. मग भर बैठकीत म्हणाले, "साडेतीन सेंटीमीटर! बसतोय की!"

मुलाच्या आईनं कपबशी खाली ठेवली. लग्न तरीही जमलं, ते मुलाच्या चांगुलपणामुळं.

अण्णा त्याच्या उंचीला अठ्ठेचाळीसनं भागत होते. चादरींचं दुकान पोराच्या हवाली केल्यापासून त्यांनी व्हॅम्पायर नावाच्या जुन्या ब्रिटिश लढाऊ जेटची प्रतिकृती करायला घेतली होती, खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाची. तेव्हापासून दिसेल त्या वस्तूला ते भागायचे. 'बसतोय' म्हणजे वैमानिकाच्या खुर्चीत.

प्लास्टिकचे तयार भाग त्यांना चालेनात. "असली इमानाचं नाक लाकडाचं होतं," म्हणत त्यांनी बायकोची, म्हणजे शांताकाकूंची, लाकडी काटवट कापली.

"नाक तुमचंच कापाय पायजे होतं," काकू म्हणाल्या. "आता भाकरीचं पीठ कशात मळू, पंखावर? आणि व्हॅम्पायर म्हंजे काय हो?"

"रक्त पिणारं भूत."

या विमानाला दोन शेपट्या असतात. दुसऱ्या दिवशी दोन्हींना लिंबू-मिरची लटकत होती.

"अगं, वजन मागं गेलं की!" अण्णा बोंबलले. "नाक वर झालं!"

दीड वर्षानं विमान पुरं झालं. अण्णा मला म्हणाले, "मैंदर्गीला सोडता काय?" गाडीत बुटाचं खोकं मांडीवर घेऊन ते बसले. वाटेत खड्डा आला की माझ्यावर खेकसायचे. कुणासाठी नेताय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "म्होरं बघून चालवा."

मैंदर्गीत त्यांचे थोरले भाऊ होते. तरुणपणी हवाई दलात ते याच विमानांची इंजिनं दुरुस्त करायचे. आता ऐंशी उलटलेली. पोटच्या मुलालाही ओळखत नव्हते. आम्ही आत गेलो तर खाटेवर बसून भिंतीकडे बघत होते.

अण्णांनी विमान त्यांच्या हातात दिलं. थोरल्यांनी ते उलटं केलं, पोटाखालून अंगठा फिरवला आणि कपाळाला आठी घातली. मग खणखणीत हिंदीत गरजले, "इंजिन का ढक्कन उल्टा लगाया है! किसने किया?"

सून स्वयंपाकघरातून धावत आली. कित्येक महिन्यांत ते एक अख्खं वाक्य बोलले नव्हते.

अण्णा ताठ उभे राहिले. "मैंने."

"नया आया है?"

अण्णा भावाकडे वाकले. मला वाटलं, आता नाव सांगतील.

"हां उस्ताद," ते म्हणाले. "आजच आया."

"बैठ. सिखाता हूँ."

थोरल्यांनी सरकून खाटेवर जागा केली.