तात्यांच्या घराचा पत्ता

भिकूतात्यांचं घर आठवड्यातून चार वेळा जागा बदलायचं. घर म्हणजे पोलादपुरात आमच्या मागच्या आळीतलं, भिंती आणि गोठ्यासकट. तात्या फोनवर ओरडायचे, "बाबू, घर हाललं रे! लिवून घे. एकशे सतरा टिंब..." आणि तिकडे मुंबईच्या ऑफिसात त्यांचा मुलगा निमूट आकडे लिहून घ्यायचा.

भानगड अशी, की बाबूनं दिवाळीत येऊन जुना कॉम्प्युटर मांडला, ब्रॉडबँड घेतलं आणि घर तिकडून दिसावं म्हणून कॅमेरा लावला. तात्यांनी तो म्हशीकडे वळवला. "माझ्यात काय बघायचाय? चंद्री बघ, गाभण हाय." इंटरनेटवर त्या घराचा पत्ता म्हणजे नुसते आकडे; ते टाकले तरच बाबूला चंद्री दिसायची, आणि लाइट जाऊन आली की ते बदलायचे. आमच्याकडे तर कशेडी घाटावर ढग दिसला तरी लाइट जाते.

मी तेव्हा कॉम्प्युटर क्लास चालवायचो. म्हणजे विद्यार्थ्यांपेक्षा एक धडा पुढे असायचो. पण हुशारी दाखवायची खाज भारी! चंद्रीच्या नावानं मी तात्यांना डोमेन, म्हणजे आकड्यांऐवजी टाकायचं कायमचं नाव, घेऊन दिलं आणि कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्रॅम टाकला. आकडे बदलले, की तो आपणहून त्या नावाला नवा पत्ता कळवायचा.

"तात्या, बाबूनं आता फक्त नाव टाकायचं. तुमची कटकट संपली!"

"झ्याक," तात्या म्हणाले. मी आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडलो.

महिन्याभरानं तात्या क्लासात आले. "मास्तर, तुमचा ता यंतर कदी बिघडत नाय?"

"छे! एकदाही नाही."

"जरा बिघडवा."

"का हो?"

"बाबूला फोन व्हत नाय."

"अहो, मग करा की असाच!"

मी 'ढ' विद्यार्थ्याकडे बघतो, तसे तात्या माझ्याकडे बघत राहिले. "असाच कसा? घरून उगाच फोन गेला की पोर घाबरतो, मास्तर. त्याची आय गेली तवा असाच केला व्हता. आकडे सांगायचं असलं की कसा, 'हा, बोला बाबा' म्हनतो. मंग जाता जाता इचारता येतं, जेवलास काय."

मी त्याच पावली त्यांच्या घरी जाऊन प्रोग्रॅम काढून टाकला. नेमकी त्या दिवशी लाइट जाईना. तात्या फोन जवळ ओढून पंख्याकडे बघत बसले. पंखा गरगर फिरतच होता. शेवटी मीच उठलो आणि मेन स्विच खाली ओढला.