रिपीट होतंय का?

टिपणीसकाका आयुष्यात कधी एक बटाटावडा खाऊन थांबलेले नाहीत. खादाड आहेत म्हणून नव्हे. उलट, अंगाने इतके किडकिडीत, की शर्ट हँगरलाच राहिलाय असं वाटावं. पण पहिला वडा ते मुकाट्याने खातात, तोंडावर काहीही न दाखवता. गाडीवाला आशेने बघत असतो. मग काका म्हणतात, "आणखी एक दे. दुसऱ्या घाण्यातला." तो खाऊन झाला की हात पुसतात आणि निकाल देतात, "ठीक. रिपीट होतोय."

यापेक्षा मोठं कौतुक त्यांच्याकडे शिल्लक नाही. नवा गाडीवाला असेल तर त्याला वाटतं, म्हातारा नावं ठेवून गेला.

काका डोंबिवलीत आमच्या समोरच्या दारात राहतात. अडतीस वर्षं एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये होते. काम एकच: आज बनलेला निळा रंग मागच्या महिन्यात बनलेल्या निळ्याशी जुळतो का, ते बघायचं. त्या अडतीस वर्षांतून त्यांनी एक तत्त्वज्ञान काढलंय आणि रिटायर झाल्यापासून ते सोसायटीला फुकट वाटतात. "पहिली बॅच कोणाचीही चांगली निघते गं मीनल. त्याला योगायोग म्हणतात. दुसरी पहिलीसारखी निघाली, तर त्याला काम येतं म्हणायचं."

ऐकायला बरं वाटतं, पण असा माणूस समोर राहत असला की काय होतं ते मला विचारा! तळमजल्यावरच्या कुलकर्ण्यांच्या रेवाला दहावीत चौऱ्याण्णव टक्के पडले. पेढे घेऊन आले बिचारे. काकांनी पेढा घेतला, म्हणाले, "छान. आता परत बसवा तिला." कुलकर्णी महिनाभर बोलत नव्हते. दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतांनी कुठलेसे शेअर घेऊन एका महिन्यात पैसे दुप्पट केले, तर लिफ्टमध्ये काका म्हणाले, "तेच पैसे, तीच अक्कल. परत करून दाखवा." सावंतांनी ईर्ष्येने परत लावले आणि होते तेही बुडाले. आता ते काकांबरोबर लिफ्टमध्ये चढत नाहीत, जिन्याने जातात. आणि माझ्या चुलत नणंदेच्या लग्नात नवरा-नवरी पाया पडायला वाकली, तर आशीर्वाद काय? "पंचवीस वर्षांनी विचारीन."

शिवाय स्वयंपाकघरात लुडबुड आहेच. तुमच्याकडे चहाला आले की सरळ आत येऊन गॅस बारीक करणार. "पाणी उकळलं ना? मग आता कितीही मोठा कर, शंभराच्या वर एक डिग्री जाणार नाही. नुसती वाफ होते. खळखळ म्हणजे काम नव्हे." हे वाक्य त्यांनी आमच्या सेक्रेटरींना भर मीटिंगमध्ये ऐकवलेलं, तेही चहाचा विषय नसताना.

तर असे आमचे टिपणीसकाका. मी त्यांना 'समोरची पीडा' म्हणायचे. आता म्हणत नाही. का, ते सांगते.

गेल्या वर्षी माझी नोकरी गेली. ठाण्यातलं ऑफिस बंद झालं आणि पंधरा वर्षं रिसेप्शनला बसलेली मी एका सोमवारी घरी बसले. नितीन, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "आराम कर जरा." चार दिवस केला. पाचव्या दिवशी तो आराम अंगावर यायला लागला. चाळिशी उलटलेल्या बाईला इंटरव्ह्यूला बोलावतात, चहा देतात आणि 'कळवतो' म्हणतात. तीन ठिकाणांहून अजून कळवतायत.

नवरात्रात सोसायटीच्या भोंडल्याला मी खिरापत म्हणून चकल्या केल्या. आईने कल्याणहून दिलेल्या भाजणीच्या. अहो, काय झालेल्या! काटेरी, खुसखुशीत, तोंडात टाकली की कुर्रकन. बायका खिरापत ओळखायचं विसरून खायलाच लागल्या. 'मीनलच्या हाताला चव आहे' असं जो तो म्हणायला लागला. फक्त काका म्हणाले, "हाताला चव असती तर लोकांनी हात खाल्ले असते. परत कर, मग बोलू."

मी मनात म्हटलं, मेल्याच्या जिभेला हाड नाही.

ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणीने त्यातल्या दहा-बारा चकल्या नौपाड्यातल्या एका फराळाच्या दुकानात नेऊन दिल्या. दुकानदाराचा फोन आला. दिवाळीसाठी वीस किलो पाहिजे म्हणाला. "पण ताई, शुक्रवारी आधी पाच किलो आणा. ह्याच चकल्या पाहिजेत हं. माझं गिऱ्हाईक जुनं आहे, एकदा तोंड वाकडं केलं की परत येत नाही. जमलं तर वर्षभर घेईन."

वर्षभर! मी फोन ठेवला आणि एकटीच स्वयंपाकघरात नाचले. पंधरा वर्षं दुसऱ्यांचे फोन घेतले, आज पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासाठी फोन केलेला. लगेच धान्य आणलं, भाजलं, गिरणीतून दळून आणलं. पीठ घरी आलं ते अजून गरमच होतं. मंगळवारी सकाळी सहालाच कढई चढवली. वाटीला वाटी पाणी, तेवढंच मोहन, तेवढंच तिखट. सगळं अगदी तसंच.

चकल्या मऊ झाल्या. मऊ म्हणजे किती? वाकत होत्या. दोन्ही टोकं धरून मी एक सरळ केली, ती झाली. नितीनने एक चावून चावून खाल्ली आणि म्हणाला, "वाईट नाहीये." वीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी इतकं प्रेमाने खोटं कधी बोलला नव्हता. मी परत भिजवलं, परत तळलं. परत चामडं! दुपारपर्यंत अडीच किलो पीठ वाया गेलेलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालेलं. ऑफिसलाही नको आणि चकलीलाही नको, अशी मी ओट्याला टेकून रडत होते.

तेवढ्यात बेल वाजली. दारात काका.

"वास दोनदा आला," म्हणाले. "सकाळी एकदा, अकराला एकदा. म्हणजे पहिली बिघडली."

मी काही बोलायच्या आधीच काका आत शिरले, परातीतली चकली उचलली, वाकवली. मला वाटलं, आता ऐकवणार. म्हटलं, ऐकव बाबा, तुझाच दिवस आहे. पण काकांनी स्टूल ओढलं, बसले, आणि डॉक्टर विचारतो तसं विचारलं, "काय बदललं?"

"काही नाही बदललं! तीच मी, तीच कढई, तीच वाटी. माझा हातच फिरलाय."

"हात कुठे फिरत नाही. काहीतरी बदललंय. चकलीला मूड नसतो."

मग दीड तास माझी उलटतपासणी. तेल कुठलं? पाणी किती गरम? मोहन कधी घातलं? एका वेळी कढईत किती सोडल्या? शेवटी म्हणाले, "भोंडल्याचं पीठ उरलंय का?" आईच्या डब्याच्या तळाशी होतं जेमतेम वाटी-दीड वाटी. काका घरी जाऊन टॉवेलात गुंडाळलेला छोटा काटा घेऊन आले. तान्हं मूल आणावं तसा आणला हो! माझीच वाटी घेतली. जुनं पीठ भरून वजन केलं: एकशे चाळीस ग्रॅम. वाटी पुसली. नवं पीठ भरलं: एकशे पंधरा.

मी बघतच राहिले. "वाटी तर तीच आहे!"

"वाटी तीच आहे, पीठ ते नाही. आईचं पीठ दोन महिने डब्यात दडपून बसलेलं. हे गिरणीतून आत्ता फुगून आलंय, आत सगळी हवा. पाणी तू वाटीभर घातलंस ते जास्त झालं, कारण पीठ मोजलंस त्यात पंचवीस ग्रॅम हवा मोजलीस."

"म्हणजे मी हवेच्या चकल्या तळत होते?"

"अख्खा महाराष्ट्र तळतो," काका म्हणाले. "आणि मग म्हणतो, यंदा बिघडल्या बाई, नजर लागली."

त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्या बोलण्यावर हसू आलं. वाटी बाजूला ठेवली आणि वजनावर पीठ घेतलं. संध्याकाळी घाणा निघाला. काकांनी एक चकली घेतली. कुर्रकन आवाज आला. मी उडीच मारली!

"उद्या परत कर," ते म्हणाले.

"काका! शुक्रवारी द्यायच्यात!"

"म्हणूनच."

बुधवारी परत केल्या. गुरुवारी सकाळी परत. प्रत्येक वेळी काका पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या घाण्यातली एकेक खायचे, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, दोन कवळ्या लावून. गुरुवारी दुपारी शेवटची चकली संपवून त्यांनी धोतराला हात पुसले आणि म्हणाले, "रिपीट होतंय."

आणि मी रडले. काय सांगू, भोंडल्याला तीस बायकांनी केलेलं कौतुक एका पारड्यात आणि हे दोन शब्द दुसऱ्यात. कारण ते कौतुक कधीही निसटेल अशी भीती मला वाटत होती, आणि तसंच झालेलं. हे मात्र आता माझं होतं. उद्या, परवा, पुढच्या दिवाळीत, मी ते परत करू शकणार होते.

शुक्रवारी नौपाड्यात दुकानदाराने पाकीट फोडलं, चकली मोडली, खाल्ली. "तशाच आहेत," म्हणाला, आणि वीस किलोची ऑर्डर पक्की केली. आता दर आठवड्याला पाच किलो जातात.

रविवारी मी पहिल्या घाण्याच्या चकल्या डब्यात भरल्या आणि काकांच्या दारात गेले. सुलभाकाकू जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून आम्ही कोणीच त्या घरात आत गेलेलो नव्हतो. काकाच सगळ्यांकडे यायचे. दार उघडं होतं. काका ओट्यापाशी उभे, समोर पातेलं, काटा आणि एक जाड वही.

"आलीच आहेस तर जेव," म्हणाले. "बिरडं केलंय."

वालाचं बिरडं म्हणजे काकूंची खासियत. वाल भिजवायचे, मोड आणायचे, एकेक सोलायचा. त्यांचा वाल दिसायला अख्खा, पण जिभेने दाबला की लोणी. मी पहिला घास घेतला. वाल दाताखाली कटकन वाजला. रस्सा सुरेख, अगदी काकूंचा, आणि वाल मात्र टणक.

वही शेजारीच उघडी होती. पानापानावर काकांचं मोत्यासारखं अक्षर. वाल दोनशे ग्रॅम, मोड आणायला किती तास, खोबरं किती, आमसुलं कधी, आणि शेवटी 'निकाल: नाही.' दर रविवारचं एक पान. सहा वर्षं. निकाल: नाही. नाही. नाही.

मी पुन्हा पुन्हा ती यादी वाचली आणि माझी ट्यूब पेटली. आनंदाने ओरडलेच, "काका, चूक सापडली! आमसुलं तुम्ही सुरुवातीलाच घालताय. आंबट आधी पडलं की वाल शिजतच नाहीत. वाल शिजल्यावर घाला, काकू तसंच करायच्या!" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! या माणसाने माझी चकली सुधारली आणि मी त्याचं बिरडं सुधारत होते.

काकांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

"मीनल, अडतीस वर्षं मी अॅसिडमध्ये काढली. मला माहीत नसेल?"

मी वही हळूच त्यांच्यापुढे ठेवली.

"चौथ्या महिन्यातच कळलेलं," ते म्हणाले. "कळलं आणि हात थांबला. सुलभा मला जवळ उभं करायची नाही, काटा बघितला की चिडायची. आता दर रविवारी मी तिच्या ओट्याशी उभा असतो, वाल सोलतो, तिची कुठली गोष्ट माझ्याकडून राहिली ते शोधतो. शनिवारपासून वेळ कसा जातो कळत नाही." वहीवरून हात फिरवला. "रंग जुळला की आमच्याकडे फाइल बंद करतात गं. हे जुळलं तर मी रविवारी काय करू?"

मी खाली मान घालून वाल चावत राहिले. काकांनी पेनाचं टोपण काढलं.

"सांग. निकाल काय?"

मी त्या माणसाकडे बघितलं. तीन दिवस कवळ्या झिजवून माझ्या चकल्या खाणारा माणूस. मी एक चमचा आणखी घेतला, नीट चावला, आणि लॅबमधल्यासारखा गंभीर चेहरा करून म्हटलं, "नाही काका. जुळत नाहीये."

त्यांनी लिहिलं. निकाल: नाही. मग वर बघून हसले.

"पुढच्या रविवारी साडेबाराला ये," म्हणाले. "नितीनलाही आण."

आता दर रविवारी आम्ही दोघं काकांकडे जेवतो. वाल टणक असतात. आम्ही पोटभर खातो.